जुन्या ड्राइव्हसाठी सुटे भाग शोधताना

मोटरचा वेग आणि जोर हवा तसा कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला ड्राइव्ह म्हणतात. साखर कारखान्यातला सेंट्रिफ्यूगल, कागद गिरणीतले रोलर, लेथ, क्रेन, लिफ्ट, पाण्याचे मोठे पंप या सगळ्यांच्या मागे आज बहुधा ड्राइव्ह असतो. मोटर नीट राखली तर चाळीस वर्षेही चालते. बेअरिंग बदलता येते, वाइंडिंग नव्याने भरता येते. ड्राइव्हच्या कार्डावरच्या भागांना ती सोय नाही. ट्रान्झिस्टर किंवा आयसी आतून दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. बदलायला जावे तर तो बनवणे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच थांबलेले असते. सेमीकंडक्टर कंपन्यांचे उत्पादन मोबाइल, संगणक आणि मोटारगाड्यांच्या मागणीवर चालते आणि ती मागणी काही वर्षांतच पुढच्या पिढीकडे सरकते. कारखान्यातले यंत्र मात्र जागचे हलत नाही.

एखादा भाग बंद करताना उत्पादकाने ग्राहकांना आगाऊ कळवावे, अशी प्रथा आहे. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार शेवटची मागणी नोंदवायला किमान सहा महिने आणि शेवटचा माल उचलायला किमान बारा महिने द्यायचे असतात. ही सूचना ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीला जाते, ड्राइव्ह वापरणाऱ्या कारखान्याला नाही. कंपनी शेवटचा साठा भरून ठेवते, तो पुरेल तोवर कार्डे विकते आणि मग ते मॉडेलच बंद झाल्याचे जाहीर करते. एबीबीसारख्या कंपन्या आपल्या ड्राइव्हच्या आयुष्याचे चालू, क्लासिक, मर्यादित आणि कालबाह्य असे चार टप्पे उघडपणे सांगतात. ड्राइव्ह तिसऱ्या टप्प्यात गेला की कारखान्याने हालचाल करायला हवी. प्रत्यक्षात शोध सुरू होतो तो ड्राइव्ह बंद पडून उत्पादन थांबल्यावर, म्हणजे सर्वांत वाईट वेळी.

या शोधात पहिला आधार भागावरच्या नंबराचा असतो. अमेरिकी पद्धतीत डायोडचा नंबर '१एन'ने आणि ट्रान्झिस्टरचा '२एन'ने सुरू होतो. युरोपी पद्धतीत 'बीसी', 'बीडी', 'बीयू' अशी अक्षरे असतात. पहिले अक्षर सिलिकॉन सांगते आणि दुसरे उपयोग. जपानी पद्धतीत '२एसए'पासून '२एसडी'पर्यंतचे गट आहेत, पण छोट्या भागावर जागा नसल्याने '२एस' छापतच नाहीत. म्हणून 'सी १८१५' असे छापलेला ट्रान्झिस्टर खरे तर २एससी १८१५ असतो. शेवटचे अक्षरही महत्त्वाचे आहे. याच ट्रान्झिस्टरच्या 'वाय' गटाची वर्धनक्षमता १२० ते २४० असते आणि 'जीआर' गटाची २०० ते ४००. पायांचा क्रम तर हमखास फसवतो. बीसी ५४७, २एन ३९०४ आणि २एससी १८१५ हे तिन्ही छोट्या कामाचे, सारख्या दिसणाऱ्या खोक्यातले एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत. तरी सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर, दुसऱ्याचे एमिटर-बेस-कलेक्टर आणि तिसऱ्याचे एमिटर-कलेक्टर-बेस असे लागतात.

नंबर ओळखला तरी कंपनीचे नाव सापडत नाही, असेही होते. सीमेन्सचा सेमीकंडक्टर विभाग १९९९मध्ये इन्फिनिऑन झाला आणि २०१५मध्ये त्याच इन्फिनिऑनने इंटरनॅशनल रेक्टिफायर विकत घेतली. मोटोरोलाचे साधे ट्रान्झिस्टर-डायोड ऑन सेमीकंडक्टरकडे गेले आणि तिने २०१६मध्ये फेअरचाइल्डही घेतली. ह्यूलेट-पॅकार्डच्या नावाने छापलेले ऑप्टोकपलर पुढे अॅजिलंटचे, मग अॅव्हागोचे झाले आणि आज ब्रॉडकॉमच्या यादीत आहेत. जुनी कंपनी बुडाली म्हणून भाग गेला, असे समजून शोध सोडून देणारे पुष्कळ असतात. तोच भाग नव्या मालकाच्या नावाने अजून बनत असल्याचे त्यांना कळतच नाही. दुकानात जाण्याआधी ही वंशावळ तपासणे हे सर्वांत स्वस्त आणि बरेचदा सर्वांत फलदायी काम आहे.

मूळ भाग खरोखरच बंद झाला असेल तर पर्याय निवडावा लागतो, आणि इथे नंबराची मदत संपते. 'इक्विव्हॅलेंट' म्हणून छापलेल्या तक्त्यांत दोन भागांचे व्होल्टेज आणि करंट जुळवलेले असतात. सर्किटला त्या भागाकडून नेमके काय हवे आहे, हे त्या तक्त्यांना माहीत नसते. ते शोधणे हेच दुरुस्ती करणाऱ्याचे खरे काम.

त्यासाठी ड्राइव्हची रचना थोडी पाहायला हवी. आपल्याकडचा ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा आधी रेक्टिफायरमधून जातो आणि सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी बनतो. तो मोठ्या कपॅसिटरांत साठतो; हीच डीसी बस. पुढे सहा पॉवर स्विच त्याचे तुकडे करून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी देतात. या स्विचना हुकूम देणारी गेट-ड्राइव्ह सर्किटे, सगळ्या कार्डांना छोटे व्होल्टेज पुरवणारा एसएमपीएस, करंट मोजणारे सेन्सर आणि हिशेब करणारा मायक्रोकंट्रोलर असा बाकीचा संसार. जुन्या डीसी ड्राइव्हमध्ये सहा स्विचच्या जागी थायरिस्टर असतात आणि त्यांना ठरावीक क्षणी पल्स देणारी फायरिंग कार्डे असतात.

यातले रेझिस्टर, साधे डायोड, रिले आणि ७४१ किंवा ३२४सारखे ऑप-अॅम्प यांची फारशी चिंता नको. १९६८ साली आलेला ७४१ आजही बनतो. रेक्टिफायर ब्रिजही सहज मिळतो. डायोडच्या बाबतीत एकच सावधगिरी हवी, ती वेगाची. १एन ४००७ हा डायोड ५० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी आहे. एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरनंतर यूएफ ४००७ लावलेला असेल आणि त्याच्या जागी १एन ४००७ घातला तर व्होल्टेज-करंट तंतोतंत जुळूनही तो काही वेळात तापून जातो. यूएफ ४००७ सुमारे ७५ नॅनोसेकंदांत बंद होतो. साध्या डायोडला त्यासाठी मायक्रोसेकंद लागतात.

एसएमपीएसमध्ये असाच घोटाळा कंट्रोल आयसीचा होतो. युनिट्रोडने आणलेली यूसी ३८४२ ते ३८४५ ही मालिका जुन्या ड्राइव्हमध्ये फार सापडते. चौघांचे आठही पाय सारखे आहेत. पण ३८४२ आणि ३८४४ सुरू व्हायला १६ व्होल्ट मागतात आणि १० व्होल्टखाली बंद होतात, तर ३८४३ आणि ३८४५ साधारण ८.४ व्होल्टला सुरू होतात. शिवाय ३८४४ आणि ३८४५ अर्ध्याहून जास्त वेळ स्विच चालू ठेवूच शकत नाहीत. शेवटच्या एका आकड्यावर पुरवठा चालणार की नाही हे ठरते. पुष्कळदा दोष आयसीचा नसतोच. त्याच्याशेजारचा छोटा कपॅसिटर वाळलेला असतो किंवा सुरुवातीचा करंट देणाऱ्या रेझिस्टरची किंमत वाढलेली असते. बंद झालेला आयसी शोधायला निघण्याआधी हे दोन भाग मोजून पाहावेत.

कपॅसिटर

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हा ड्राइव्हमधला खरा म्हातारा होणारा भाग. त्याच्या आतला द्रव हळूहळू उडून जातो, अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे तो अधिक तापतो आणि अधिक वेगाने वाळतो. तापमान १० अंश सेल्सिअसने कमी केले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर ५,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ८०,००० तास, म्हणजे अखंड चालवला तर नऊ वर्षे टिकेल. पॅनेलचा पंखा बंद पडला किंवा फिल्टर धुळीने भरला तर हाच हिशेब उलटा फिरतो.

पर्यायी कपॅसिटर निवडताना क्षमता आणि व्होल्टेज पाहणे पुरत नाही. त्याची रिपल करंट सोसण्याची ताकद मूळ भागाइतकी किंवा जास्त असावी लागते. नवे कपॅसिटर जुन्यांपेक्षा आकाराने लहान असतात. त्यामुळे जागेचा प्रश्न सहसा येत नाही, पण पायांचे अंतर आणि पट्टीची पकड तपासावी लागते. क्षमता थोडी वाढवली तर चालते, दुप्पट केली तर सुरुवातीच्या चार्जिंगचा रेझिस्टर जळू शकतो. ५८५ व्होल्टच्या बससाठी बहुधा ४०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एकच बदलू नये. जुन्या आणि नव्याची गळती वेगळी असल्याने व्होल्टेज असमान वाटले जाते. त्यांच्याशी समांतर असलेले बॅलन्सिंग रेझिस्टरही त्याच वेळी मोजावेत.

कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवलेला स्पेअर ड्राइव्हही निर्धोक नसतो. विजेविना पडून राहिल्यावर कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर तो फुटू शकतो. वर्षभराहून जास्त काळ पडून असलेल्या ड्राइव्हला व्होल्टेज रेझिस्टरमधून हळूहळू चढवत न्यायचे असते. उत्पादकांच्या पुस्तिकांत याला 'रिफॉर्मिंग' म्हणतात. अडचणीच्या रात्री घाईने जोडलेला स्पेअर ड्राइव्ह पहिल्याच मिनिटात जातो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

गेट ड्राइव्ह आणि पॉवर मॉड्यूल

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे जास्त थांबायला हवे. कंट्रोल कार्डाच्या ५ व्होल्टच्या जगातून ५८५ व्होल्टच्या जगात हुकूम नेण्याचे काम ऑप्टोकपलर करतो. आत एक एलईडी आणि समोर प्रकाशाने चालणारा आयसी. एलईडी वर्षानुवर्षे मंद होत जातो, म्हणून जुन्या ड्राइव्हचा अधूनमधून, विशेषतः गरम झाल्यावर होणारा बिघाड पुष्कळदा इथेच सापडतो.

तोशिबाचा टीएलपी २५० हा असा फार वापरला गेलेला भाग. त्याच्या जागी एचसीपीएल ३१२० घालण्याची पद्धत आहे, आणि करंट देण्याच्या ताकदीत तो उजवाही आहे. पण टीएलपी २५० हा १० व्होल्टच्या पुरवठ्यापासून चालतो. ३१२०मध्ये कमी व्होल्टेजला आउटपुट बंद ठेवणारे संरक्षण आहे आणि त्याची मर्यादा १२ व्होल्टच्या आसपास आहे. मूळ सर्किटात गेटचा पुरवठा १२ व्होल्टचाच असेल तर नवा, अस्सल, महाग भाग गप्प बसतो किंवा लहरीने चालतो. दोष भागाचा नसतो; सर्किटला जे हवे होते ते विचारले गेलेले नसते.

दुसरी बाब वेळेची. एकाच फेजचा वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू झाला तर डीसी बस थेट शॉर्ट होते. ते टाळण्यासाठी एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी काही मायक्रोसेकंद थांबतात. याला डेड टाइम म्हणतात. मूळ ऑप्टोकपलरपेक्षा जास्त उशीर लावणारा, किंवा चालू आणि बंद होण्याच्या वेळांत मोठा फरक असणारा पर्याय हा राखीव वेळ खाऊन टाकतो. ड्राइव्ह मोकळ्या मोटरवर चालतो आणि लोडवर फुटतो. म्हणून सहा गेट सर्किटांपैकी एकाचा ऑप्टो गेला तरी सहाही एकाच जातीचे, शक्य तर एकाच लॉटचे बसवणे शहाणपणाचे.

या सहा सर्किटांमुळे दुरुस्ती करणाऱ्याला एक मोठी मदतही मिळते. ती सहसा एकसारखी असतात. एका फेजचा भाग जळून नंबर पुसला गेला असेल तर शेजारच्या फेजमध्ये तोच भाग शाबूत सापडतो. ड्रॉइंग नसले तरी चांगल्या फेजचे रेझिस्टन्स आणि वेव्हफॉर्म हेच नकाशाचे काम करतात.

पॉवर स्विच ज्या खोक्यात येतात त्या पॉवर मॉड्यूलचे नंबर बोलके असतात. मित्सुबिशीच्या सीएम ७५डीवाय-२४एचमध्ये ७५ म्हणजे अँपिअर, 'डी' म्हणजे दोन स्विचची जोडी आणि २४ला ५०ने गुणले की १,२०० व्होल्ट. फुजीच्या २एमबीआय १००एन-१२०मध्ये दोन स्विच, १०० अँपिअर आणि १,२०० व्होल्ट. ६२ मिलिमीटर रुंदीचे खोके अनेक कंपन्या एकाच मापाने बनवतात. हीटसिंकची भोके आणि बसबारचे स्क्रू जुळतात. त्यामुळे एका कंपनीच्या जागी दुसरीचे मॉड्यूल बसवणे शक्य होते. गेट-ड्राइव्ह आणि संरक्षण आत सामावणारी 'इंटेलिजंट' मॉड्यूले मात्र एकाच कंपनीच्या घडणीची असतात. त्यांचा पर्याय त्याच कंपनीच्या यादीत सापडला तर सापडला.

आयजीबीटी हा स्विच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बी. जयंत बालिगा यांनी विकसित केला. बालिगा चेन्नईत जन्मलेले आणि तिथल्याच आयआयटीचे विद्यार्थी. त्याआधीच्या ड्राइव्हमध्ये बायपोलर डार्लिंग्टन मॉड्यूल असत. त्यांच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा आयजीबीटी बसवण्याचा मोह होतो, पण तो सरळ बसत नाही. बायपोलरच्या बेसला चालू असेपर्यंत सतत करंट लागतो आणि तिथे दोन-तीन व्होल्टच असतात. आयजीबीटीच्या गेटला स्थिर करंट जवळजवळ लागत नाही, पण १५ व्होल्ट लागतात. म्हणजे मॉड्यूलबरोबर सगळे बेस-ड्राइव्ह कार्डही बदलावे लागते.

आयजीबीटीच्या जागी नव्या पिढीचा आयजीबीटी घालतानाही गेटचा रेझिस्टर पुन्हा ठरवावा लागतो. नवी चिप जास्त वेगाने बंद होते, जुन्या लांब बसबारमुळे त्या क्षणी व्होल्टेजचा मोठा झटका बसतो आणि १,२०० व्होल्टची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. वेग वाढला की जुन्या मोटरच्या इन्सुलेशनवरही ताण येतो. शॉर्ट सोसण्याची मुदतही पाहावी. पूर्वीच्या चिप साधारण १० मायक्रोसेकंद तग धरत, काही नव्या त्याहून कमी. संरक्षण सर्किट जुन्या हिशेबाने जागे होणार असेल तर तोवर मॉड्यूल गेलेले असते. थायरिस्टरच्या बाबतीत हाच प्रश्न बंद होण्याच्या वेळेचा असतो. डीसी ड्राइव्हला सावकाश बंद होणारा साधा थायरिस्टर चालतो. जुन्या थायरिस्टर इन्व्हर्टरला जलद जातीचाच लागतो.

सेन्सर, मेमरी आणि बाजार

करंट मोजणाऱ्या हॉल सेन्सरची अदलाबदल वरकरणी सोपी वाटते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. लेम कंपनीचा एलए ५५-पी हा सेन्सर १:१००० प्रमाणात करंट देतो. त्याचाच एसपी-१ हा प्रकार १:२००० प्रमाणात. खोके तेच, पाय तेच. पहिल्याच्या जागी दुसरा बसला तर ४० अँपिअर वाहत असताना ड्राइव्हला २० दिसतात, ओव्हरलोडचे संरक्षण झोपून राहते आणि मोटर जळते. ड्राइव्ह सुरू झाला म्हणजे दुरुस्ती झाली, असे मानता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण नसेल. क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष करंट मोजून तो ड्राइव्हच्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडणे इथे सक्तीचे मानावे.

मायक्रोकंट्रोलरचे दुखणे वेगळे आहे. कोरी चिप अनेकदा मिळते. इंटेलने ८०५१ बनवणे थांबवल्यानंतरही इतर कंपन्यांनी त्या जातीच्या चिप चालू ठेवल्या. मिळत नाही तो तिच्यातला प्रोग्राम. तो ईप्रॉममध्ये असेल तर ड्राइव्ह चालू स्थितीत असतानाच, सुट्टीच्या दिवशी वाचून त्याची प्रत ठेवता येते. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल काढू नये. अतिनील किरणांनी मजकूर पुसला जातो. २७सी ५१२सारख्या ईप्रॉमच्या जागी त्याच पायांची, विजेने पुसता येणारी चिप बसते. वाचनबंदी केलेल्या चिपमध्ये किंवा खास त्या ड्राइव्हसाठी घडवलेल्या आयसीमध्ये हे जमत नाही. तिथे तसेच दुसरे कार्ड मिळवणे एवढाच मार्ग उरतो. बॅटरीवर सांभाळलेल्या मेमरीतले पॅरामीटर कागदावर उतरवून पॅनेलच्या दारात ठेवावेत. बॅटरी संपली की ते जातात आणि भाग मिळूनही ड्राइव्ह चालत नाही.

बंद भाग मिळण्याचे सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे उत्पादकाने अधिकार दिलेला विक्रेता. मॅसॅच्युसेट्समधली रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स १९८१पासून बंद भागांचा साठा विकते आणि मूळ कंपनीच्या परवान्याने काही भाग पुन्हा बनवतेही. त्याखालोखाल मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, दिल्लीचे लाजपत राय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट असे खुले बाजार. इथल्या जुन्या दुकानदारांची जाण आणि साठा यांमुळे असंख्य यंत्रे चालू राहिली आहेत. पण खुल्या बाजारात पोहोचलेल्या मालाचा प्रवास दुकानदारालाही ठाऊक नसतो. जुन्या कार्डांवरून उपटलेले, वरचा थर घासून नवा नंबर छापलेले भाग जगभर फिरतात. अमेरिकी सिनेटच्या लष्करी सेवा समितीच्या २०१२च्या अहवालात २००९ आणि २०१० या दोन वर्षांतली अशी सुमारे १,८०० संशयित प्रकरणे नोंदली आहेत आणि त्यांतल्या भागांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. तीही संरक्षण सामग्रीच्या पुरवठ्यात. अॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर निघणारी छपाई, पायांवरचे जुने सोल्डर, एकाच पट्टीत वेगवेगळे तारीख-कोड, उत्पादन थांबल्यानंतरचा आठवडा दाखवणारा कोड, या खुणा पाहाव्यात. पॉवर मॉड्यूल संशयास्पद स्वस्त असेल तर वजन आणि गेट-कपॅसिटन्स खात्रीच्या मॉड्यूलशी ताडावे.

भाग बसवल्यावर थेट वीज देऊ नये. डीसी बस बंद केल्यावर किमान दहा मिनिटे थांबून ती मीटरने मोजावी. कपॅसिटरमधले उरलेले व्होल्टेज जीवघेणे असते. मग पॉवर मॉड्यूल न जोडता फक्त कार्डांना वीज देऊन सहाही गेटचे पल्स, त्यांची उंची आणि डेड टाइम ऑसिलोस्कोपवर पाहावा. त्यासाठी डिफरन्शियल प्रोब वापरावा; साध्या प्रोबची अर्थिंग क्लिप इथे स्कोपही जाळते आणि माणसालाही धोक्यात घालते. त्यानंतर बसला मोठ्या बल्बमधून वीज द्यावी. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि मॉड्यूल वाचते. शेवटी छोटी मोटर, मग खरी मोटर विना लोड, मग लोड, आणि तासाभराने हीटसिंकचे तापमान.

कधी कधी भाग शोधत राहण्यात अर्थ उरत नाही. छोट्या, पाच-दहा अश्वशक्तीच्या एसी ड्राइव्हमध्ये मॉड्यूल आणि कंट्रोल कार्ड दोन्ही गेली असतील तर नवा ड्राइव्हच घ्यावा. मोठ्या डीसी ड्राइव्हचे गणित वेगळे. तिथे थायरिस्टरचे स्टॅक, बसबार आणि मोटर उत्तम असतात, म्हातारी झालेली असतात ती फक्त फायरिंग आणि कंट्रोल कार्डे. अशांसाठी एबीबी आणि सीमेन्स या दोन्ही कंपन्या जुन्या स्टॅकवर चढवता येणारे डिजिटल कंट्रोल किट विकतात. जुना पॉवर भाग जागेवर राहतो, नव्या कंट्रोलमधून पल्स ट्रान्सफॉर्मरमार्फत त्याच थायरिस्टरना हुकूम जातात. काढून घेतलेली जुनी कार्डे फेकू नयेत. तसाच दुसरा ड्राइव्ह कारखान्यात चालू असेल तर त्यांच्यावरचे रिले, पल्स ट्रान्सफॉर्मर आणि आयसी तपासून, नंबरासकट पिशवीत घालून त्याच्यासाठी ठेवता येतात.